उजेडाकडे पाठ

सुलभा गेल्याचं कळलं तो मंगळवार होता. पुंडलिक मयेकर परसात पंपाचा वॉशर बदलत होता. पोलीस पाटील आले आणि चपला काढून उभे राहिले, तेव्हाच त्यानं पाना खाली ठेवला. सुलभा समुद्रालगतच्या सड्याच्या कातळी टोकावर मावळतीचे फोटो काढायला गेली होती. कॅमेरा स्टँडवर जागच्या जागी उभा होता आणि ती कड्याखाली खडकावर पडली होती. एरवी पुंडलिक बरोबर असायचा. फिल्टरची काच भिंगापुढे धरायची, हे त्याचं काम. त्या दिवशी तो म्हणाला होता, "रोज तोच तर सूर्य. मी नाही येत."

घरी आणली ती डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळूनच. "मयेकर, तोंड बघू नका," पाटील म्हणाले. "होतं तेच डोळ्यांपुढे राहू दे." गंगाजलसुद्धा त्यानं कापडावरूनच घातलं. एकेचाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटचं तोंड बघितलं नाही. याला पाच महिने झाले. दुसरं सगळं त्यानं सोसलं, एवढंच घशाखाली उतरत नाही.

अशाच एका संध्याकाळी तो ओटीवर खुर्चीत बसला आहे, सुलभाचा कॅमेरा मांडीवर घेऊन. दिवेलागणीची वेळ झाली आहे. उठून दिवा लावायला हवा, पण पाय जड झालेत. झावळ्यांचा आवाज लांब लांब जातो. डोळे मिटतात.

"उठा हो. तिन्हीसांजेला कसले लोळता?"

तो उठतो. तो एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहे, जिथं त्यानं तीस वर्षं फिटरचं काम केलं. गाडीखाली शिरायच्या खड्ड्यात उभा आहे, पण वर गाडी नाही. खड्ड्यात गुडघाभर पाणी आहे आणि ते भरतीसारखं वर चढतं, खाली जातं. काठावर सुलभा उभी आहे. तिच्या मागे सूर्य आहे, त्यामुळे ती सगळी काळी दिसते. आवाज मात्र तिचाच.

"बघू, माझ्यामागं काय दिवे लावलेत ते."

तो कॅमेरा वर धरतो. गेल्या महिन्यात तो एकटाच सड्यावर जाऊन आला होता, ते फोटो तिला दाखवतो.

"हे मावळतीचे की दुपारचे?"

"समोर लालभडक होतं गं. आत पांढरंच येतं."

"ऑटोवर ठेवलात ना? कॅमेऱ्याला वाटतं, एवढं लाल म्हणजे काहीतरी बिघाड. मग तो बिचारा दुरुस्त करतो. तुमच्यासारखाच, विचारायचं नाही, पाना घेऊन धावायचं."

"मग काय करू?"

"रंगाचं बटण ढगाळवर टाका. आणि उजेडाचं चाक एक घर खाली आणा. खाली म्हटलं! हळू फिरवा, चाकाचा नट नाही तो."

तो चाक फिरवतो आणि मान वर करतो, तर ते स्वयंपाकघर आहे. ओट्यामागची भिंत नाही. समुद्र शेगडीला टेकलाय. चहाचं आधण खळखळतंय, पण वाफ येत नाही. सूर्य पाण्यापासून वीतभर वर थांबून आहे. पुंडलिक तिचं तोंड दिसावं म्हणून डावीकडे सरकतो. सूर्यही सरकतो. तो उजवीकडे येतो, सूर्यही येतो. सुलभा मधल्या मध्ये तशीच काळी.

"सुलभा, जरा इकडे वळ."

"आधी काच धरा."

ती काच पुढे करते. वरचा अर्धा भाग काळसर, खालचा साधा. तिची बोटं ओली आहेत आणि कमालीची गार. तो काळा भाग आभाळावर आणतो, मधली रेघ पाण्याच्या कडेला जुळवतो. हाताला सवय आहे.

"जमलं की. काढा आता."

"तू काळी येतेस."

"उजेडाकडे पाठ केली की माणूस काळाच येतो."

"उजेड चार घरं वर नेला तर दिसशील."

फरशीखाली पाणी आपटल्याचा आवाज येतो.

"दिसेन," ती म्हणते. "आभाळ पांढरंफटक होईल आणि मी दिसेन. पण कोणती मी?"

त्याला कळत नाही.

"अहो, तुमच्यासाठीच अशी उभी आहे. पाटील उगीच नव्हते सांगत."

पायांखाली आता फरशी नाही, सड्याचा खरखरीत कातळ आहे. वारा सुटलाय. तिच्या मागे दोन पावलांवर कडा.

"मागं सरू नकोस!" तो ओरडतो.

"आता कुठं सरणार मी? आणि रडू नका, कॅमेरा हलतो."

"मी यायला हवं होतं त्या दिवशी."

"हो, यायला हवं होतं," ती सरळ म्हणते. "काच वाऱ्यानं निसटली. धरायला गेले."

सूर्य हलतो. पहिल्यांदाच. त्याची खालची कड पाण्यात बुडते.

"एकच निघेल फोटो," ती म्हणते. "दोन घरं खाली, नाहीतर चार घरं वर. ठरवा लवकर."

त्याला तिचं तोंड हवं आहे. कसंही असो. फुटलेलं असो, तुटलेलं असो, तिचं आहे. पण तिनं नको म्हटलंय. अंगठा चाकावर जातो. टक्. टक्. ती हात वर उचलते, केस मागे सारायला की तोंड झाकायला, ते त्या काळ्यात समजत नाही. तो बटण दाबतो.

ओटीवर अंधार आहे. मान अवघडली आहे, कॅमेरा मांडीवर आहे. कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला बारीकसा लाल दिवा लुकलुकतोय, फोटो कार्डावर उतरत असताना लुकलुकतो तो. बघता बघता विझतो.

दुपारीच लेक रेवती येऊन आईच्या कॅमेऱ्यातले सगळे फोटो घेऊन गेली होती. जाताना तिनं जुनं कार्ड काढून नवीन, कोरं घातलं होतं.

पुंडलिक कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत नाही. झाकण उघडून कार्ड बाहेर काढतो. ते कोमट आहे. चाक वर फिरवलं होतं की खाली, हे तो आठवून बघतो. दोनदा टक् वाजलं, की चारदा? अंगठ्यालाही आठवत नाही.

फोन वाजतो. रेवतीच. "बाबा, दिवा लावलात?"

"लावतो."

"झोपला होतात का? आवाज असा काय येतोय?"

"जरा डोळा लागला."

"या वेळेला? आई असती तर..."

"हो," तो म्हणतो आणि फोन ठेवतो.

या गोष्टीला आता अकरा दिवस झाले. कार्ड देवघरातल्या पितळी डबीत आहे. त्यात काय आलंय, ते पुंडलिकनं अजून बघितलेलं नाही.