अक्काचे हात, माझे पाय

रविवारी सकाळी मी चर्चला निघालो होतो, तेवढ्यात एस्तेरअक्काची मुलगी रीना हिचा फोन आला. "मामा, आज येऊ नका... आई गेली." अळणावरकडच्या भजनी घरातला मी दर रविवारी चर्चला का जात होतो, हे आता सांगायला हवं.

देशपांडे नगरात अक्का आमच्या शेजारी राहायची. लहानपणापासून चर्चची पायपेटी तीच वाजवायची. कन्नड गीतं आणि मराठीही. काही चाली तर तिच्या स्वतःच्या! पुढे गुडघे गेले, पायांनी भाता हलेना. चर्चचे पंच म्हणाले, विजेवरचा कीबोर्ड आणू. अक्का म्हणाली, बोटं शाबूत आहेत, पाय उसने आणते. सुगीच्या उपासनेला वाजवून दाखवा, मग बघू, असं ठरलं. उसने पाय अर्थातच माझे.

तालमीला मी बाकावर तिच्याशेजारी बसून भाता मारू लागलो. जन्मभर भजनाला ठेका धरलेला. पाय आपसूक धुमाळीच्या ठेक्यात पडले आणि प्रत्येक ठोक्याला सूर गचके खाऊ लागला. अक्काने हात उचलले.

"तू भजन ठोकायलायस की रे. ताल माझ्या बोटांत हाय. तू नुसता श्वास दे... झोपलेलं माणूस घेतंय तसा."

ती एकच सूर धरून ठेवायची आणि तो हलला की पुन्हा पहिल्यापासून. मी वैतागून दुसरा माणूस बघ म्हणालो, तर म्हणाली माझ्यावर रागाव, भात्यावर नको. असली खट बाई!

सुगीच्या दिवशी वेदीपुढे जोंधळ्याची कणसं, भोपळे मांडलेले. अक्काने स्वतःची चाल लावली. सूर लांबच लांब गेला, कुठे हिसका नाही. कीबोर्डवाले पंचच सगळ्यांत मोठ्याने गात होते. नंतर ते कौतुक करायला आले, तेव्हा अक्का म्हणाली, आधी या पायांना नमस्कार करा. मला इतकं मोठं कुणीच केलं नव्हतं. कीबोर्डचा विषय तिथेच संपला आणि दर रविवारचा भाता माझ्याकडे आला.

अक्का गेली त्या रविवारी, रीना नको म्हणाली तरी मी गेलोच. पेटीवर कुणी नव्हतं. मंडळीने अक्काचीच चाल उचलली, वाद्याशिवाय. म्हातारे, पोरं, सगळी कडवी... सूर कुणाचाच उतरला नाही. अक्का असती तर गीत संपल्यावर तिने मान वळवून सगळ्यांकडे ऐटीत बघितलं असतं. ती नव्हती, म्हणून मीच तसं बघून घेतलं.