आमच्या घरातली

काकवीचा वास आला की पंचगंगेकाठचं आमचं गुऱ्हाळ आठवतं. तेव्हा महाराज गादीवर होते. बायकोचं नाव घ्यायचं नाही, म्हणून आमचे मालक मला ‘आमच्या घरातली’ म्हणायचे. पुढं त्यांनी दुसरी केली. त्याच हंगामात मलकापूरचे पाहुणे आले. चुलवाणाच्या धगीजवळ बसून भाकरी मी थापल्या, सवतीनं नुसत्या वाढल्या. “भाकरी झ्याक हाय की! कुणी केली?” पाहुण्यांनी विचारलं. “आमच्या घरातलीनं,” मालक म्हणाले. मी पदर सावरला, तर त्यांची हनुवटी तिच्याकडं वळलेली. तव्यावरची भाकरी मी मुद्दाम करपू दिली. आता मालक नाहीत, आम्ही दोघीच उरलोय. तिच्या भाकरी माझ्याहून चांगल्या होतात, पण ते मी तिला मरेपर्यंत सांगायची नाही.