गहू भाजायचे नव्हते

आई नागपूरहून ऑक्टोबरात आली आणि नोव्हेंबर संपायच्या आत तिच्याजवळ करण्यासारखं काही उरलं नाही. आम्ही कॅनडात, ओटावाच्या कनाटा उपनगरात राहत होतो. मी आणि बायको सकाळी ऑफिसला, अडीच वर्षांची मुलगी डेकेअरला, आणि आई दिवसभर घर सांभाळायची. म्हणजे खिडकीतून शेजाऱ्याचा ड्राइव्ह-वे बघायची. तो फावड्यानं बर्फ काढायला बाहेर आला की संध्याकाळी आम्हाला वृत्तांत मिळे. ‘आज टोपी नव्हती घातली त्यानं,’ ती काळजीनं सांगायची.

त्याच हिवाळ्यात मी घरी बिअर करण्याच्या छंदात गळ्यापर्यंत बुडालो होतो. सुरुवातीला डब्यातला तयार अर्क पाण्यात कालवून करत होतो. पण आमच्या क्लबात अर्कवाल्यांकडे लोक ज्या नजरेनं बघत, त्याच नजरेनं आपल्याकडे सणाला विकतच्या पुरणपोळ्या वाढणारीकडे बघतात. थेट धान्यापासून केली तरच ती बिअर. क्लब म्हणजे सात-आठ माणसं, बहुतेक सॉफ्टवेअरमधलीच. पेला उजेडासमोर असा धरत, जणू त्यात कुणाचं हाड मोडलंय का ते बघायचंय. मग ‘केळं’ म्हणत, आणि जरा थांबून, ‘लवंग’. आम्ही वापरायचो त्या यीस्टनं गव्हाच्या बिअरला हे दोन वास येतातच. न चाखताही म्हणता आलं असतं.

मला या लोकांच्या वर जायचं होतं. ते माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, दुकानातून आणत. मी ठरवलं, गव्हाचं माल्ट घरीच करायचं. आणि ते करता येणारी एक बाई घरात रिकामी बसली होती. माझ्या लहानपणी आई गव्हाचं सत्त्व करायची. गहू भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायचे, चोळून मुळं काढायची, मग भाजायचे आणि दळायचे. भाजण्याच्या आधीपर्यंत ते माल्टच असतं. भाजलं की संपलं. मोड येताना दाण्यात पिष्टाची साखर करणारी जी ताकद येते, ती कढईत मरते, आणि साखर नाही तर यीस्टनं खायचं काय?

मी आईला म्हणालो, ‘पोरीसाठी सत्त्व करशील का? डेकेअरमध्ये धड काही खात नाही.’

बिअरसाठी हवंय म्हटलं असतं तर तिनं चार दिवस अबोला धरला असता आणि पाचव्या दिवशी विसरली असती. मला तेवढीही कटकट नको होती. बायको म्हणाली, ‘अरे, खरं सांगून टाक ना.’ मी म्हणालो, सांगतो.

आई कामाला लागली. बेसमेंटमध्ये फर्नेसजवळ जुनी चादर अंथरून तिनं मोडाचे गहू पसरले. दिवसातून चारदा खाली जाऊन त्यावर हात फिरवायची. नागपूरला मावशीशी फोनवर बोलताना सांगायची, ‘इथल्या गव्हाला मोड दमानं येतात, पण येतात.’ शेजाऱ्याच्या टोपीबद्दल आम्हाला काही कळेनासं झालं.

वाळले तेव्हा मी म्हणालो, ‘भाजायचं मी बघतो. ओव्हनमध्ये.’

‘ओव्हनमध्ये काहून? कढई आहे ना.’

‘इथे असंच करतात.’

पाहुण्या आईबापांपुढे हे वाक्य फार चालतं.

ती बिअर उत्तम झाली. क्लबात केळं झालं, लवंग झाली, आणि एकजण डोळे मिटून ‘प्रामाणिक’ असंही म्हणाला. माल्ट घरचं आहे हे मी सांगितलं. कुणाच्या हातचं ते सांगितलं नाही.

‘आवडतंय का पोरीला?’ आई विचारायची.

‘हो. डबा रिकामा येतो.’

मग ती नातीला मांडीवर घेऊन निरखायची आणि मावशीला सांगायची, ‘गाल भरलेत हो तिचे!’ गाल खरंच भरले होते. ते मॅकरोनी-चीजचं काम होतं.

आईनं आपणहून दुसरी खेप केली, अडीच किलोची. एका शनिवारी क्लबातले दोघं माझी पद्धत बघायला आले. मी पहिल्या खेपेची बिअर त्यांच्या हातात दिली, आईनं भरून ठेवलेला डबा घाईघाईनं दळला आणि गरम पाण्यात ओतून छोटंसं व्याख्यान दिलं. साखर झाली की नाही हे आयोडिनच्या थेंबावर कळतं. पिष्ट शिल्लक असेल तर थेंब काळानिळा पडतो. एका तासानं काळानिळा. दीड तासानं काळानिळा. एका पाहुण्याला थर्मामीटरचा संशय आला, दुसऱ्याला ओटावाच्या पाण्याचा. मी झाकण काढून वाकलो. पातेल्याला आमच्या नागपूरच्या स्वयंपाकघराचा वास येत होता.

मी वर हाक मारली. आई पदराला हात पुसत खाली आली.

‘या गव्हाचं काही केलंस का तू?’

‘भाजले. तू सातला घरी येतोस, कधी भाजशील? मंद आचेवर चांगले खमंग केले. कच्चं नको पोरीच्या पोटाला.’

ती काय म्हणते, असं पाहुण्यांनी विचारलं. गडबडीत माझ्या तोंडून खरं निघालं, की माल्ट हीच करते. त्यावर एकानं आनंदानं पेला उंचावला. ‘सो यू आर द ब्रूमास्टर! ग्रेट बिअर, मॅडम!’

बिअर हा शब्द नागपुरातही कळतो. आईनं पातेल्याकडे बघितलं, नळ्यांकडे, भिंतीजवळच्या बाटल्यांकडे. दारूबद्दल एक अक्षर बोलली नाही.

‘पोरीला दिलंच नाहीस?’

‘नाही.’

‘एकदाही नाही?’

मी मान हलवली.

‘मी रोज विचारत होते रे.’

पाहुणे हसऱ्या चेहऱ्यानं थांबले होते. त्यांना वाटलं असावं, हिच्याकडून आता काही पारंपरिक ज्ञान मिळणार. आई जिना चढून वर गेली. संध्याकाळी मावशीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, ‘नाही गं, गाल तिचे आधीपासूनच तसे आहेत.’

मी माफी मागितली. ‘जाऊ दे,’ म्हणाली, आणि तसं वागलीही. माझ्या आवडीची भरली वांगी केली. पण चादर धुऊन घडी करून ठेवली, ती पुन्हा उघडली नाही. मी खरोखरच पोरीसाठी म्हणून गहू आणले, तेव्हा म्हणाली, ‘हात दुखतात आता.’

एप्रिलमध्ये ती परत गेली. तोवर मी ग्रोसरी घेऊन आलो की ती पिशव्या रिकाम्या करू लागायची. रवा, साबण, मुलीचं औषध, काहीही असो, हातात धरून विचारायची, ‘हे कशासाठी?’ मी सांगायचो. ती पूर्ण ऐकून घ्यायची. मग वस्तू तशीच हातात ठेवून माझ्या बायकोकडे बघायची, आणि बायकोनं हो म्हटलं की फळीवर ठेवायची.