आत काय आहे, सांगा

रुग्णालयात तिला सगळे रफूताई म्हणत. तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या यंत्रांना लागून असलेल्या खोलीत तिचं टेबल होतं आणि टेबलावर फाटक्या चादरींचा ढीग. एकेक चादर उजेडासमोर धरायची, विरलेली जागा शोधायची आणि सुई अशी फिरवायची की नंतर फाटलं होतं कुठे ते तिचं तिलाही सापडू नये. एकदा मुख्य परिचारिका म्हणाली, "ही टाकून द्या हो आता, जीव राहिला नाही तिच्यात." रफूताईनं चष्म्यावरून तिच्याकडे असं पाहिलं, की बाई चादर ठेवून मुकाट्यानं चालती झाली. अठ्ठावीस वर्षांत या बाईनं एक चादर टाकू दिली नव्हती.

आणि हीच बाई घरी गेली की काय करायची? नवं मागवायची! पायातल्या चपला निघायच्या आधी फोन हातात. पाणी उकळायची किटली, केस वाळवायचं यंत्र, भिंतीवरचे हुक, पायाला न होणारे बूट, ते का, तर सवलत आज संपत होती म्हणून. तीन किटल्या होत्या तिच्याकडे, आणि पिणारी ती एकटी. त्यातल्या दोन तर खोक्यातून बाहेरही आल्या नव्हत्या. खोकं आलं की आतल्या खोलीत ठेवायचं आणि विसरायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आता ही आतली खोली होती तिच्या मुलीची. नवरा गेल्यावर दोघीच होत्या. मग मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, आणि पहिल्या सुट्टीत परत आली तेव्हा तिचा पलंग खोक्यांखाली गेला होता. रात्रभर ती स्वयंपाकघरात खाली झोपली. सकाळी पलंगावरची खोकी बाजूला करून तिनं आपली जुनी उशी ओढून काढली. आईनंच रफू केलेल्या अभ्र्याची, या खोलीतली बहुधा एकच जुनी वस्तू. ती काखेत मारली आणि म्हणाली, "आई, खोली मोकळी झाली की सांग. मी राहायला येईन."

"आठ दिवसांत होते बघ," रफूताई म्हणाली.

आठ दिवसांची चार वर्षं झाली. तीनदा तिनं फोन करून सांगितलं, झाली मोकळी. तीनदा पोरगी आली. तिसऱ्या वेळी खोली खरंच मोकळी दिसली, पण हात धुवायला म्हणून मुलीनं न्हाणीघराचं दार उघडलं आणि खोकी धडाधड अंगावर आली. त्यानंतर यायची ती दुपारी, जायची संध्याकाळी, आणि मुक्काम मैत्रिणीकडे. पोटच्या पोरीला आपल्या घरात एक रात्र झोपवता येऊ नये, याची रफूताईला इतकी लाज वाटायची, की कामावर कुणी मुलीची चौकशी केली की ती दातांत दोरा धरायची. दोरा धरलेल्या तोंडाला कोण बोलायला लावणार?

तिच्या समोरच्या दारात राहायचे काटेसाहेब. दुकानांमधले वजनकाटे तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाले, बायको गेली, पण ताठा तस्साच. जिन्यात समोर आले की आपलंच वजन कमी भरतंय की काय असं वाटायचं. तीन वर्षं समोरासमोर राहून दोघांचं बोलणं झालं होतं ते फक्त पाण्याच्या टाकीवरून.

एके दिवशी पार्सलवाल्यानं घोळ केला. हिचं खोकं त्यांना दिलं, त्यांचं हिला. नाव कोण वाचतंय? घंटा वाजली की उघडायचं ते दार, अशी दोघांची सवय. हिनं दिवा लावून पाहिलं तर बाहेर नाव काटेसाहेबांचं आणि खोक्यावर बॅटरीचं चित्र. दार उघडून द्यायला गेली, तर साहेब हिची किटली, चौथी, हातात घेऊन उंबऱ्यात उभे. त्यांच्या पाठीमागं दार सताड उघडं होतं आणि भिंतभर फळ्यांवर बॅटऱ्याच बॅटऱ्या. लांब, आखूड, डोक्याला बांधायच्या, पाण्यात चालणाऱ्या. साहेबांनीही मान वाकडी करून हिच्या घरात डोकावून घेतलं.

"एवढ्या बॅटऱ्या कशाला हो?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"दिवे गेले तर?" साहेब म्हणाले. मग फळ्यांकडे बघून, "गेल्या दोन वर्षांत गेले नाहीत म्हणा. तुमच्याकडे एवढं काय आहे?"

"मला तरी कुठे माहीत आहे!" रफूताई म्हणाली, आणि काय झालं कोण जाणे, तिला हसू फुटलं. हसता हसता ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि रडायलाच लागली. आयुष्यभर दुकानदारांना रडवणारा माणूस पार गांगरला. शेवटी त्यांनी किटली तिच्या बाजूला ठेवली आणि वरच्या पायरीवर टेकले.

त्या पायरीवर नियम ठरले. साहेबांशिवाय दुसऱ्या कुणाच्या डोक्यातून ते निघालेच नसते. आजपासून हिची पार्सलं ते घेणार, त्यांची ही. खोकं आल्याबरोबर पत्त्यावर कागद चिकटवायचा, आणि घेणाऱ्यानंही पत्ता वाचायचा नाही. "माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, ताई. वाचलं तर तुम्हाला कळेल." सात दिवस खोकं दाराशी, नजरेसमोर, पण बंद. सातव्या दिवशी एकच प्रश्न: आत काय आहे, सांगा. सांगता आलं तर घ्या. नाही आलं तर न उघडता परत. रडारड, घासाघीस चालणार नाही.

पहिल्या महिन्यात रफूताईची सात खोकी परत गेली. सात! "पडदा... नाही, थांबा, चटई?" साहेब हात मागं बांधून उभे, नजर छताला. साहेबांचं पहिलं पार्सल मात्र त्यांनी बरोबर ओळखलं, "बॅटरी," आणि ऐटीत हात पुढे केला. रफूताईनं खोकं पाठीमागं लपवलं. "कोणती? किती लांब? कुठे ठेवणार?" साहेबांची बोबडी वळली. त्या दिवसापासून नियमात दुरुस्ती झाली, आणि काटेसाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मापात पकडलं.

चोरटेपणाही झाला, उगाच खोटं कशाला सांगा. रफूताईनं एकदा रुग्णालयाच्या पत्त्यावर टेबलक्लॉथ मागवला. संध्याकाळी स्वतःच साहेबांच्या दाराशी उभी राहिली, मान खाली, पिशवी पुढे. साहेब आत गेले, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एक इवलीशी बॅटरी काढून तिच्या हातावर ठेवली. "परवाच आली," ते म्हणाले. दोघांनी दोन्ही वस्तू परत केल्या आणि बरोबर चहा घेतला.

त्या चहाला साहेबांनी विचारलं, "ताई, तुम्ही खोकी उघडत का नाही?"

तिनं कप खाली ठेवला. "घंटा वाजते ना, तेवढ्यानंच बरं वाटतं हो. कुणीतरी आलं असं वाटतं. पुढचं काही नकोच असतं मला."

साहेबांनी हूं केलं आणि विषय बदलला. दुसऱ्या दिवशी बरोबर सहाला तिची घंटा वाजली. ती धावत गेली. दारात साहेब, हात रिकामे. "पार्सल नाही. मीच आहे," म्हणाले आणि आपल्या घरी परत गेले. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही तेच. गुडघे दुखत होते, तरी या माणसानं चार महिन्यांत एक संध्याकाळ चुकवली नाही. मग रफूताईही कामाला निघताना त्यांची घंटा वाजवायला लागली. "दिवे आहेत ना हो?" "आहेत, आहेत!" आतून आवाज यायचा.

असं करत करत खोली मोकळी झाली. किटल्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना, बूट पायाला होतील त्यांना. पलंग दिसला, मग पलंगाखालची फरशी दिसली. रफूताईनं मुलीला फोन केला. "हो का?" मुलगी म्हणाली. "बरं." फोटो पाठवला, तरी "बघू." बाईनं मनाला लावून घेतलं नाही. चौथ्यांदा कोण विश्वास ठेवेल?

आणि मग ते खोकं आलं.

साहेबांनी घेतलं, कागद चिकटवला, दाराशी ठेवलं. मोठं होतं, वजनाला हलकं, वर एका घरसामानाच्या दुकानाचा छाप. रफूताईनं पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पाच आठवडे तिनं काही मागवलं नव्हतं. नव्हतं ना? की मागवलं आणि आठवतसुद्धा नाही? सात दिवस येता जाता ते खोकं तिच्या डोळ्यांसमोर होतं. एकदा तर ती त्याच्यापाशी खाली बसली. चिकटपट्टी एका टोकाला सुटली होती, नखानं ओढली असती तरी निघाली असती. पदराला हात पुसून ती उठली आणि आत गेली. मला विचाराल तर त्या बाईचं सगळ्यात अवघड काम ते, अठ्ठावीस वर्षांचं रफूकाम एका बाजूला ठेवा.

सातव्या दिवशी साहेबांनी हळू आवाजात विचारलं, "आत काय आहे, सांगा."

"नाही आठवत," ती म्हणाली. "साहेब, मी सुधारलेच नाही हो."

"आठवत नाही ते परत जाणार. एवढंच," साहेब म्हणाले. "सुधारणा पुढच्या आठवड्यात बघू."

खोकं परत गेलं. त्यानंतर मुलगी फोन उचलेना. दहाव्या दिवशी उचलला.

"खोली मोकळी नव्हती, तर तसं सांगायचं होतंस," ती म्हणाली. "माझं सामान का परत पाठवलंस?"

"कसलं सामान ग?"

"खोकं! तीन महिने तिकडेच काम आहे माझं. आत, वरच चिठ्ठी ठेवली होती, येतेय म्हणून. शेवटचं एकदा बघावं म्हटलं. तर तू घरातही घेतलं नाहीस."

रफूताई पलंगावर बसली. त्याच मोकळ्या पलंगावर. "चिठ्ठी कुठे बघितली मी? अगं, मी उघडलंच नाही ते. मला वाटलं, मीच काहीतरी मागवलं. आठवेना, म्हणून नियमाप्रमाणे..."

"थांब. उघडलं नाहीस?"

"नाही."

"किती दिवस होतं तुझ्यासमोर?"

"सात."

पलीकडून हुंदका ऐकू आला, आणि लहानपणी ताप आला की बोलायची त्या आवाजात मुलगी म्हणाली, "आई, खरंच मोकळी झाली ग खोली?"

त्या शनिवारी सहाला घंटा वाजली. रफूताईनं दार उघडलं. आधी काटेसाहेबच दिसले, पण आज ते बाजूला सरकले. त्यांच्या मागं मुलगी होती, आणि तिच्या हातात तेच खोकं. घरसामानाचा छाप, सुटलेली चिकटपट्टी, कागद अर्धवट फाटलेला. मुलीनं सरळ न्हाणीघराचं दार उघडून पाहिलं. बादली होती, मग्गा होता. मग आतल्या खोलीत गेली, पलंगाखाली वाकून पाहिलं. रफूताई उंबऱ्यात उभी. मुलगी परत आली आणि खोकं आईच्या हातात दिलं.

साहेबांनी घसा खाकरला. "सात दिवस ठेवायला हवं खरं तर."

"काका!" मुलगी म्हणाली.

"बरं, बरं. पण प्रश्न तरी विचारायला हवा." त्यांनी हात मागं बांधले, पण छताकडे काही त्यांना बघता येईना. "ताई, आत काय आहे, सांगा."

रफूताईनं खोकं छातीशी धरलं. मोठं आणि हलकं. "उशी," ती म्हणाली. "तिची. डाव्या कोपऱ्याला रफू आहे, दोन बोटं लांब. मी केलेलं."

"दिसतं तरी का ते?" साहेबांनी मुलीला विचारलं.

"नाही दिसत," मुलगी म्हणाली, आणि चपला काढून पलंगावर आडवी झाली.