मायाप्पाचं भरलेलं पातेलं

सोलापूरच्या त्या शाळेत एकनाथराव विज्ञानाचे मास्तर म्हणून रुजू झाले, तो १९३१ सालचा जून. फाटकात त्यांना आधी एक पटका दिसला. त्याच्या सावलीत अख्खी सहावी बसवता आली असती. पटक्याखालून मिशा निघाल्या होत्या. एक अक्कलकोटच्या दिशेला, एक बार्शीच्या. हा पसारा ओलांडून मास्तर पलीकडे पोचेपर्यंत पहिला तास संपला. हा मायाप्पा, शाळेचा शिपाई.

माणूस सोन्यासारखा, पण रिकामं भांडं त्याला बघवत नसे. रिकामं भांडं समोर आलं की काम बुडतं, हे मेंढरांमागं फिरणाऱ्या आईनं त्याला शिकवलं होतं. त्यामुळे माठ, बादल्या, तांबे सदा काठोकाठ. एकदा तर त्याने हेडमास्तरांची दौतही पाण्याने भरून ठेवली.

एकनाथरावांची नोकरी अजून कच्ची होती. फेब्रुवारीत इन्स्पेक्टरसाहेब तास बघणार, पसंत पडला तर मास्तर कायम. धडा ठरला: पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो. पातेल्यात ढबू पैसा ठेवायचा, तो काठाआड जाईल अशा जागी साहेबांना बसवायचं आणि पाणी ओतायचं. न दिसणारा पैसा दिसू लागतो.

आठवडाभर सराव चालला. मास्तरांनी पातेलं उपडं करावं, वळून बघावं तर भरलेलं.

"मायाप्पा, अरे, पुन्हा?"

"मग काय, मास्तर! साहेब यायचा अन् म्होरं कोरडं भांडं?"

"आधी कोरडंच हवं! मग पाणी ओतलं की किरण वाकतात, पैसा वर आलेला दिसतो!"

"वाकत्यात की. हिरीचा तळबी वर आल्यागत दिसतो. नवखा गडी उडी टाकायच्या आदी काठी घालून बघतो. हे शेरडांनाबी ठावं हाय. त्याला साहेब कशाला लागतो?"

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. शेवटी त्यांनी त्याला आईची शपथ घातली: पातेल्याला हात लावायचा नाही. मायाप्पाने घेतली.

तपासणीच्या दिवशी साहेब खडूच्या खुणेवर बसले.

"आता पातेल्यात तुम्हाला काहीही दिसत नाही," मास्तर ऐटीत म्हणाले.

"पैसा दिसतोय," साहेब म्हणाले.

मास्तरांनी वाकून पाहिलं. पातेलं काठोकाठ! दारातून मायाप्पा अभिमानाने बोलला, "हात न्हाय लावला, मास्तर. तांब्यानं वरनंच वतलं."

मास्तरांनी संतापाने पाणी खिडकीबाहेर भिरकावलं. पाण्याबरोबर पैसाही गेला. मायाप्पा लगबगीने बाहेर जाऊन लिंबाखाली रांगत तो शोधू लागला आणि सगळा वर्ग फळ्याकडे पाठ करून त्याच्याकडे बघू लागला. साहेबांनी घड्याळ पाहिलं, वहीत एक ओळ लिहिली आणि ते निघून गेले.

"घावला की!" पैसा धोतराला पुसत मायाप्पा आत आला. "लई लांब गेलता. साहेब कुटं हाय?"

एकनाथराव कायम झाले नाहीत. जूनपासून ते बार्शीच्या एका शाळेत भूगोल शिकवू लागले. मायाप्पा सोलापुरात आणखी अकरा वर्षं घंटा देत राहिला आणि गुडघे दुखायला लागल्यावर घरी बसला.