परदेशी दुकानातल्या स्वयंपाकघरात आम्ही चौघं

रविवार, ८ डिसेंबर

पावसाळ्याच्या आधी इथे शेवटचं लिहिलं होतं. एवढा खंड पडल्याबद्दल वाचणाऱ्यांची माफी मागते. सांगण्यासारखं कारण नाही. कुठे गेले नव्हते, आणि न जाता लिहिणं मला जमत नाही. आजचा प्रवासही तासाभराचाच. पण हायवेलगत नव्यानं उघडलेल्या त्या परदेशी फर्निचरच्या दुकानाबद्दल इतक्या जणांनी विचारलं, की लिहून टाकते. अर्थात मी तिथे नुसतं फर्निचर बघायला गेले होते असं म्हटलं, तर ते खरं होणार नाही.

आम्ही महाळुंग्यात राहतो. घर तीन मजल्यांचं: खाली सासूबाई, मध्ये मी आणि माझा नवरा, सगळ्यात वर दीर संतोष आणि जाऊ रेश्मा. स्वयंपाकघर मात्र एकच, तळमजल्यावर. घर बांधताना सासूबाईंनी तसं ठरवूनच घेतलं. गावात कारखान्यांना जमिनी गेल्या, पैसा आला आणि पाठोपाठ भाऊ भाऊ वेगळे झाले. आपल्याकडे ते नको, म्हणून. सासूबाईंना आम्ही दोघी सुना आत्या म्हणतो. रेश्मा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. तिची शिफ्ट बदलती असते, कधी पहाटेची, कधी रात्रीपर्यंतची. रात्री ती येते तेव्हा खालची सगळी आवराआवर झालेली असते. घोटभर चहा हवा असला, तरी दोन जिने उतरायचे आणि कुणाची झोप मोडणार नाही अशा बेतानं गॅस पेटवायचा.

निघताना नवऱ्यानं गर्दीचं कारण सांगून अंग काढून घेतलं. रेश्मा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “ताई, वर एक छोटा ओटा घालू का, असं आज आत्यांना विचारणार आहे मी. दुकानात सगळं डोळ्यांसमोर असेल, सांगायला सोपं जाईल. तुम्ही फक्त माझ्या बाजूनं राहा.” मी मान हलवली.

रस्त्याचं सांगते. आमच्या बाजूनं येणाऱ्यांनी चाकण चौकाच्या वाटेला जाऊ नये. आम्ही खालुंब्रे, येलवाडी करत देहूमार्गे देहूरोडला निघालो आणि तिथून हायवे धरला. रविवारी सकाळी कंटेनर कमी असतात. खड्डे आहेत, पण गाडी हलती राहते. पार्किंग भरपूर आहे. तरी दुकान उघडायच्या वेळेलाच पोचावं, जेवणाच्या सुमाराला गेटबाहेर रांग लागते.

आत गेल्यावर लक्षात येतं की या एकामागोमाग एक मांडलेल्या खोल्या आहेत. पलंगावर चादर, टेबलावर चष्मा, भिंतीवर कुणाच्या तरी मुलांचे फोटो. जमिनीवरचे बाण धरून चालायचं. मधूनच बाहेर पडता येत नाही. संतोषनं तसा प्रयत्न केला आणि पडद्यांच्या विभागात फिरून पुन्हा आमच्याच समोर उगवला.

पहिल्याच दिवाणखान्यात गालिचा होता. आत्यांनी त्याच्या कडेला चपला काढल्या. त्यांचं बघून मागच्या दोन बायकांनीही काढल्या, मग त्यांच्या नवऱ्यांनी. बघता बघता तिथं सत्यनारायणाला जमावेत तसे जोड जमले. दुकानातली एक मुलगी धावत आली.

“आजी, चपला घालूनच फिरा. पुढे गेल्यावर मागे येता येत नाही.”

“दुसऱ्याच्या घरात चपला घालून फिरू?”

“इथं कुणी राहत नाही, आजी.”

“मंग एवढं मांडून कुणासाठी ठिवलंय?”

मुलगी हसली. आत्या हसल्या नाहीत. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं.

कपाटांच्या विभागात दोन तरुण एका खोक्याकडे बघत उभे होते. गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी तशीच राहिलेली.

“म्हणजे हे घरी नेऊन आपणच जोडायचं?”

“व्हय राव. आत कागद असतो, बघून जोडायचं.”

“आयला, आठवडाभर लाईनवर असेंब्ली, आन् रविवारी बायकोसमोर परत असेंब्ली!”

“तिथं सुपरवायझर तरी शिफ्ट संपल्यावर घरी जातो.”

हे ऐकून संतोष इतका हसला की रेश्मानं त्याला कोपरानं ढोसलं. तिचं लक्ष पुढे होतं. स्वयंपाकघरं सुरू झाली होती.

तिसऱ्या का चौथ्या स्वयंपाकघरात ती थांबली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीलगतच्या खोलीएवढीच जागा. ओटा, भांडी घासायची मोरी, वर दोन फळ्या. आत्यांनी नळ फिरवला. “पाणी न्हाई,” त्या म्हणाल्या आणि हात पदराला पुसला, जणू ओला झाला होता.

“आत्या,” रेश्मा म्हणाली, “वरती एवढंच करायचं मनात आहे. जेवण सगळ्यांचं खालीच. मी फक्त माझा चहा आणि डबा वर करीन. पहाटे माझ्यामुळं तुमची झोप मोडते.”

“झोप मोडती, असं मी कवा म्हन्ले?”

“नाही म्हणालात तुम्ही.”

“मंग?”

संतोष कपाटाच्या एका मुठीवरची किंमत वाचू लागला. बराच वेळ वाचत राहिला. आत्या माझ्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता.

“तू सांग. तू एवढी वर्सं या घरात हाईस. तुला कवा वाटलं का गं, आपली चूल येगळी असावी?”

मी म्हणाले, “मला सवय झालीय, आत्या.”

“ऐकलंस?” त्या रेश्माला म्हणाल्या. “थोरलीला न्हाई लागली येगळी चूल.”

रेश्मानं उघडा खण लोटला. तिथले खण कितीही जोरात लोटले तरी शेवटी आपोआप मंदावतात आणि आवाज न करता मिटतात. आमच्या मागे एक कुटुंब आत यायला थांबलं होतं, म्हणून आम्ही पुढे सरकलो.

खाण्याबद्दल: वरच्या मजल्यावर उपाहारगृह आहे, ताट आपणच उचलून न्यायचं. परदेशी पदार्थांबरोबर छोले-भातही मिळतो, दर आपल्याकडच्या खानावळीपेक्षा चढे. आत्यांना भात कोरडा वाटला. संतोष एकटाच बोलत होता. रेश्मानं माझ्यासाठी पाणी आणलं, ग्लास माझ्यासमोर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

खाली सुट्या वस्तू आहेत. बहुतेकांची खरेदी तिथेच होते. आत्यांनी झाकणाचे डबे घेतले, संतोषनं दिवा. रेश्मानं चहाचं छोटं पातेलं बराच वेळ हातात धरलं होतं. बिलाच्या रांगेजवळ आलो तेव्हा तिचे हात रिकामे होते. परतीच्या वाटेवर आत्या डबे मांडीवर घेऊन झोपल्या.

आता घरी आहे. जायचं का, असं विचाराल तर जावं. वस्तू नीटनेटक्या आहेत, कुणी मागे लागत नाही, लहान घरात किती गोष्टी बसतात ते कळतं. सागवानाची सवय असलेल्यांनी फार अपेक्षा ठेवू नये.

माझ्यापुरतं म्हणाल, तर दुकानापेक्षा माझं तिथलं वाक्यच जास्त आठवतंय. ते खोटं नव्हतं. सवय झालीच आहे. पण आत्यांनी सवयीचं विचारलं नव्हतं, वाटलं का असं विचारलं होतं, आणि वाटलं होतं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं तर रोज. मग तसं का बोलले? आत्यांना वाईट वाटू नये म्हणून, असं संध्याकाळपर्यंत मी स्वतःला सांगत होते. ते थोडंफार खरंही असेल. पण रेश्माचा ओटा झाला तर खालचं स्वयंपाकघर एकट्या माझ्यावर येईल, हेही त्या क्षणी मनात येऊन गेलं होतं. आणि जे मी कधी मागितलंच नाही, ते तिनं लग्नानंतर सहाच वर्षांत मागावं, हे मला रुचलं नाही. यातलं कुठलं कारण मोठं, ते मला ठरवता येत नाही. मात्र माझ्या अर्ध्या उत्तरावर तिचं सगळं अडलं, एवढं दिसतंय.

आत्ता वर जाऊन रेश्माची समजूत काढणं सोपं आहे. पण तिच्याशी बोलून काही हलणार नाही. प्रश्न आत्यांनी विचारला होता, तोही तिच्यासमोर.

उद्या: पहाटे रेश्मा डबा करायला खाली येईल तेव्हा, तिच्या देखत, आत्यांना सांगायचं की वेगळी चूल मलाही हवी होती.