जीव नको झालाय

आमच्या कोल्हापुरात ‘जीव नको झालाय’ हे कुणीही, कशालाही म्हणतं. रिक्षावाला खड्ड्यांना म्हणतो, शेजारीण डासांना म्हणते, मी स्वतः दिवसातून चारदा तरी म्हणते. त्यामुळे प्रशिक्षणाच्या त्या शुक्रवारी सकाळी हे वाक्य ऐकून मी बेधडक शून्य लिहिलं.

प्रशिक्षण होतं गुण देण्याचं. नैराश्यावरच्या एका नव्या औषधाची चाचणी आमच्या दवाखान्यात चालू होती. रुग्णाला ठरलेले प्रश्न विचारायचे आणि झोप, भूक, मरणाचे विचार, प्रत्येकाला आकडा द्यायचा, शून्य म्हणजे त्रास नाही, आकडा वाढेल तसा त्रास जास्त, हे माझं काम. बाकीच्या गावांतही हेच काम करणारे होते. एकाच माणसाला एकाने शून्य आणि दुसऱ्याने तीन दिले तर औषध चाललं की नाही हे कळणार कसं? म्हणून पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. त्या मुलाखतीचा व्हिडिओ लावायच्या, मध्येच थांबवायच्या, आणि गावोगावहून जमलेल्या आम्ही आठ जणांनी आपला आकडा कागदावर लिहून वर धरायचा.

व्हिडिओतली बाई आमच्याच भागातली. “काय सांगू, जीव नको झालाय बघा,” म्हणाली आणि हसली. सात कागदांवर दोन होते. माझ्या कागदावर शून्य.

“शून्य का?” मॅडमनी विचारलं.

“मॅडम, तुम्ही बाहेरच्या. आमच्याकडे चहा गार झाला तरी असं म्हणतात.”

सगळे हसले. मला बरं वाटलं, खोटं का बोला. मॅडम हसल्या नाहीत. “शून्यही चूक आणि दोनही चूक. तिला अजून कुणी विचारलंय का?”

त्यांनी व्हिडिओ पुढे नेला. व्हिडिओत तिच्यासमोर बसलेल्या डॉक्टरांनी सरळ विचारलं, मरून जावं असं वाटतं का? बाईचं हसू गेलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळत मान डोलावली.

मला मंगळवार आठवला. त्या दिवशी जोतिबाच्या डोंगरावरच्या मावशी दवाखान्यात येऊन गेल्या होत्या. देवळाच्या पायऱ्यांजवळ गुलाल-खोबऱ्याचं दुकान चालवणाऱ्या, याच चाचणीतल्या. “गुडघ्यापायी जीव नको झालाय बघा,” म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, “माझापण, मावशी!” दोघी हसलो. मी प्रश्न विचारलाच नाही. मरणाच्या विचारांपुढे शून्य लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

चहाच्या सुट्टीत मावशींना तीनदा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. “आजच घेऊन या त्यांना,” एवढंच म्हणाले. मी स्कूटर काढली.

वाटेवरच्या केर्ली गावापर्यंत मी स्वतःची समजूत घालत होते. अगं, गुडघ्याचं बोलत होत्या त्या. घाटात ती समजूत संपली. मंगळवार ते शुक्रवार, म्हणजे तीन रात्री.

दुकानाचं शटर खाली होतं. शेजारचा पेढेवाला म्हणाला, “सकाळधरनं उघडलं न्हाय त्यांनी. कोण तुमी?” मी कोण? आकडे देणारी बाई.

बोळातून मागे गेले. मावशी मागच्या दाराच्या पायरीवर बसून होत्या, शेजारी नारळाचं पोतं, तोंडही न सोडलेलं. मला बघून दचकल्या. “म्याडम, तुमी? बसा की.”

प्रश्न सावकाश, शांत आवाजात विचारावा असं आम्हाला शिकवतात. मी उभ्याउभ्या, धापा टाकत विचारलं, “मावशी, मरून जावं असं वाटतं का?”

“वाटतंय की.”

‘बसा की’ म्हणाल्या त्याच सुरात. रोज बोलतो आम्ही हा ‘की’. तो लागला की बोलणं हलकं होतं, असं मला जन्मभर वाटत आलं होतं.

मग पोत्याकडे बघत म्हणाल्या, “मंगळवारीबी सांगिटलं न्हवं का? तुमी हसलासा.”

“चुकले, मावशी,” मी म्हटलं. त्यांच्या सुनेला फोन करून बोलावलं. ती येईपर्यंत मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसून राहिले. मग मावशींना मधे बसवून आम्ही तिघी एका स्कूटरवर घाट उतरलो. डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि ते तासभर मावशींशी बोलले. सून बाहेर माझ्याजवळ बसली होती.

संध्याकाळी मंगळवारचा फॉर्म काढला. आमच्यात खाडाखोड चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, शेजारी कारण, सही आणि तारीख. रेघेखालचा आकडा वाचता आला पाहिजे, असा नियम आहे.

मावशी आता बऱ्या आहेत. दर महिन्याला येतात. त्यांची फाईल उघडली की ते शून्य मला वाचता येतं.